बोटभर मलम

थंडी पडली की गवंड्याचे हात आटल्या तळ्यासारखे भेगाळायचे. लेक दोन महिन्यांची झाली, तरी दुपट्याशिवाय त्यानं तिला कधी उचललं नव्हतं. "ओरखडे उठतील पोरीला," म्हणायचा आणि लांबूनच डोळे भरून बघायचा.

बायकोनं खोबरेलात मधमाश्यांचं मेण वितळवून लेकीच्या कोरड्या अंगासाठी मलम केलं. निवल्यावर ते असं घट्ट झालं, की नखही रुतेना.

"मलम केलंस की वीट भाजलीस?"

"हसा हसा. माझे हात गार, त्यानं काही हे विरघळायचं नाही. तुम्ही तळव्यांवर चोळून मऊ करून द्या, मी लावते तिला."

मग रोज सकाळी कामावर निघण्याआधी तो मलम चोळत बसायचा. ती त्याच्या तळव्यावरून बोटभर उचलायची, उरलेलं तिथंच जिरायचं.

महिन्याभरानं एका सकाळी तिची वाट न बघता त्यानं आपला उघडा तळवा लेकीच्या गालावर ठेवला. लेक खुदकन हसली. त्याचा पाय काही कामाकडे वळेना.

रिकामी डबी खरवडत त्याची आई सुनेला म्हणाली, "पुढच्या खेपेला मेण जरा मोजून घाल गं."

"मोजूनच घातलं होतं, आई. यांच्या हातांच्या मापानं."