मोंफ्लरीतला पाऊस

मोंफ्लरीत आजही पाऊस होता.

क्रॉयडनच्या ट्राममध्ये सीमाने एका हाताने दांडा धरला होता आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर ती हवामानाचं तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होती. गावात बर्फ शून्य. स्कीइंगचे उतार बंद. डोंगरावर नेणारी लिफ्ट बंद. पुढचे तीन दिवस उबदार वारा आणि पाऊस. खाली कॅमेऱ्याचं चित्र होतं. आल्प्समधल्या त्या गावाचा उतार चिखलाने तपकिरी झाला होता आणि त्यात एक लाल फलक एकटाच भिजत उभा होता. इतकं सुंदर चित्र सीमाने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्या गावी राकेश गेला होता. शाळेची हाफ-टर्मची सुट्टी, सोबत नवी बायको मृणाल आणि सीमाची लेक तनू.

लग्न टिकलं तोवर सीमा दर हिवाळ्यात म्हणायची, एकदा बर्फात जाऊ या. राकेश म्हणायचा, "थंडीत जाऊन पाय मोडून घ्यायचे? वेड लागलंय का तुला?" घटस्फोटाला वर्ष झालं नाही तोच त्याला डोंगरांचं प्रेम फुटलं. मृणालला स्कीइंग येतं म्हणे. तो सोडून गेला, ते दुःख सीमाने गिळलं होतं. ही सहल मात्र घशात अडकली.

म्हणून सहलीच्या कितीतरी आधीपासून ती अंदाज बघायला लागली. सकाळी उठल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, भांडी घासता घासता. बर्फ पडणार असं दिसलं की तिचं डोकं दुखायचं. वारा फिरला आणि पाऊस दिसला की ती गुणगुणायला लागायची. समोर तनू कॉर्नफ्लेक्स खात बसलेली असायची. आईकडे बघत.

"नवस बोललीस की काय गं?" ऑफिसात नीनाने विचारलं.

"बोलले ना. सगळा आठवडा पाऊस पडला तर टूटिंगच्या देशी दुकानातून नारळ आणून फोडीन."

"आणि त्याचा पाय घसरला तर?"

"तर पेढे."

दोघी हसल्या. नीनाचं हसू आधी थांबलं.

संध्याकाळी तनूचा फोन यायचा. कॅमेरा बंद. हॉटेलचं वायफाय वीक आहे, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"आई, आज पण पाऊस. लिफ्ट बंद आहे."

"अरेरे. मग दिवसभर करता काय गं?"

"काही नाही. कार्ड्स खेळतो. सगळे बोअर झाले."

"आणि बाबा?"

"बाबा ग्रम्पी आहे. खूप."

बाबाच्या चिडचिडीचं हे शेवटचं वाक्य सीमा रोज तिच्याकडून काढून घ्यायची. मग ते मनात घोळवत वरणभात जेवायला बसायची. जेवणाला चव यायची. लेकीची सुट्टी फुकट जातेय, हे तिला कळत होतं. पुढच्या वर्षी मीच नेईन तिला, असं म्हणून ती तो विचार बाजूला सारायची.

गुरुवारी फोन आला तो मृणालचा. याआधी त्या दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या.

"सीमाताई, मी मृणाल. सॉरी हं, पण तुमची जरा मदत हवी होती."

ताई. सीमाने ओठ आवळले.

"लवकर परत येताय वाटतं," ती गोड आवाजात म्हणाली. "साहजिक आहे. इतक्या पावसात काय करणार?"



"पाऊस खाली, मोंफ्लरीत आहे. आम्ही पहिल्याच दिवशी वरच्या गावात आलो. इथे गुडघाभर बर्फ आहे. उद्या स्की-स्कूलच्या मुलांची शर्यत आहे, आणि त्यांच्या ग्रुपमध्ये तनू सगळ्यांच्या पुढे आहे. पण ती उतरायलाच तयार नाही. शर्यतीचे फोटो वेबसाइटवर टाकतात. म्हणते, आई बघेल."

सीमाच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. वरण गॅसवर उतू जायला लागलं.

"अजून एक सांगू का?" मृणालचा आवाज खाली आला. "रोज तुम्हाला फोन करायच्या आधी ती माझा फोन मागून घेते आणि खालच्या गावाचं हवामान वाचते. मला वाटलं, शाळेचा काही प्रोजेक्ट असेल. आज विचारलं, तर म्हणाली, आई पण तेच बघते, चुकीचं सांगितलं तर तिला कळेल."

सीमाने गॅस बंद केला.

"तिला द्या फोन."

फोन हातोहात गेला. मागे मुलांचा दंगा चालला होता. त्यात कोणीतरी खदाखदा हसत होतं. ते हसू सीमाने कुठेही ओळखलं असतं. राकेश तिच्या घरात असा हसल्याला फार वर्षं झाली होती.

"हाय आई," तनू घाईघाईने म्हणाली. "आज पण पाऊस. रात्री जास्त येणार आहे. आणि बाबा खूप ग्रम्पी आहे."

सीमाने ओट्याला हात टेकला.

"तनू, मला पाऊस नकोय गं. तू उद्या शर्यतीत उतर."

मग तनूने हळूच विचारलं,

"आणि बाबा हॅपी असला, तर चालेल तुला?"