मागची सीट

"ताई, खरं वजन सांग. विमानाशी खोटं बोलून चालत नाही," मामा म्हणाला.

"छप्पन्न," आई म्हणाली.

मामाने शेडच्या कोपऱ्यातला वजनकाटा पायाने पुढे सरकवला. आई बूट काढून, पोट आत घेऊन त्यावर उभी राहिली. काटा एकसष्टवर थांबला.

"पोट आत घेऊन वजन कमी होत नाही गं," भाची म्हणाली आणि तिघंही हसली. आई कोट आणायला गाडीकडे निघाली. गाडी पार फाटकापाशी होती.

विमान शेडच्या मध्यावर उभं होतं. मामा-भाचीने मिळून सात वर्षांत बांधलेलं. पंख आखूड, अंग निमुळतं, एकामागे एक अशा दोन सीट. अशी विमानं वेगात खूश असतात. हळू उडायला सांगितलं की रुसतात. वेग फार उतरला की पंखांची हवेवरची पकड सुटते आणि विमान खाली पडू लागतं. ते कोणत्या वेगाला पडतं, कसं पडतं, मागे वजन असलं तर पडल्यावर सावरतं का, हे आधी भरपूर उंचावर जाऊन एकट्याने तपासायचं असतं. मागच्या सीटवर माणसाच्या जागी वाळूच्या पिशव्या बांधून. तोवर मागे कुणाला बसवायचं नाही.

भाची कॉलेजात असायची तेव्हा, सकाळी सकाळी, मामाने हे सगळं तपासल्याचं तिला सांगितलं होतं. वहीत त्याच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं: मागे साठ किलो. चौसष्टच्या वेगाला पकड सुटली. नाक अलगद खाली. दोन्ही पंख समान. लगेच सावरलं. पुढे टिक.

तिने पहिली पिशवी खांद्यावर घेतली.

"हे काय काढलंस?" मामाने विचारलं.

"आईला नेण्याआधी एकदा स्वतः करून बघते. मागे वजन घालून."

"मी सहा वेळा केलंय. वही बघ."

"वही पाठ आहे रे. हाताला कळू दे."

"आज नको. ताई खोळंबेल."

"अर्ध्या तासाचं काम. बसेल ती गप्पा मारत तुझ्याशी."

ती पंखावर चढली, पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि बांधायला पट्टे शोधू लागली. पट्टे दोन्ही बाजूंना गुंडाळून ठेवलेले होते. वर पांढऱ्या दोऱ्याचे वेढे, आणि दोऱ्यावर चिकटपट्टी. चिकटपट्टीवर तिचंच अक्षर होतं: डावा, उजवा. रंगकामाच्या वेळी पट्टे खराब होऊ नयेत म्हणून तिनेच ते असे बांधले होते. विमान तेव्हा एकदाही उडालेलं नव्हतं.

तिने चिकटपट्टीवरून बोट फिरवलं; ती कुठेच उचकटलेली नव्हती.

"मामा, पिशव्या कशाने बांधायचास?"

"पट्ट्यांनी. अजून कशाने?"

"पट्टे उघडलेलेच नाहीत."

मामा पुढची काच पुसत होता. त्याचा हात थांबला.

"एकदा केलं होतं," तो म्हणाला. "मागे काही न ठेवता. पहिल्याच आठवड्यात."

"मग?"

"डावा पंख एकदम गेला. विमान उलटं झालं आणि गरगरत निघालं. तीन हजार फूट खाली येईपर्यंत ताब्यात आलं नाही." त्याने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "परत धीर झाला नाही. आणि मागे वजन घालून तर नाहीच."

"मग चौसष्ट आले कुठून?"

"याच नकाशावरून आणखी एकाने बांधलंय. त्याचे आकडे."

एका नकाशावरची दोन विमानं म्हणजे सख्खी भावंडं, चेहरा एक, स्वभाव वेगळा. ती तेरा वर्षांची असताना मामानेच तिला हे सांगितलं होतं. ज्या बोल्टला हात लावला नाही त्याच्यापुढे टिक करायची नाही, हेही त्यानेच.

"मी अकरा वेळा उडवलं हे," ती म्हणाली. "एकटीने."

"उतरताना वेग वीसने जास्त ठेव, असं सांगत होतो ना मी? दर वेळी सांगत होतो."

सांगत होता खरा. धावपट्टीच्या कडेपर्यंत मागे मागे येऊन सांगायचा. तिला ती माया वाटायची. म्हातारा झालास, असं म्हणून ती हसायची.

"आणि आई? तिला बसवणार होतास?"

"एकच फेरी होती. सरळ जायचं, सरळ यायचं." मामाचा आवाज उतरला. "सात वर्षं झाली गं. जो भेटेल तो विचारतो, मागे माणूस कधी बसवणार. काय सांगू? पंखच चुकला म्हणून?"

ती पंखावरून उतरली. पिशवी तशीच सीटवर राहिली.

"तिला तू सांग," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

आई आली. कोटाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली, केसांना रुमाल बांधलेला. सबंध वाट भरभर चालल्याने तिला धाप लागली होती.

"कुठून चढायचं?"

मामाने भाचीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती. मग त्याने शेडच्या उघड्या दारातून बाहेर पाहिलं.

"ताई, आज राहू दे," तो म्हणाला. "वारा फार आहे."

बाहेर खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी होती. ती खांबाला चिकटून सरळ खाली लोंबत होती.

आईने तिकडे पाहिलंही नाही. "तू म्हणतोस तर असेल," असं म्हणत तिने रुमालाची गाठ सोडली, आणि मुलीचा चेहरा बघून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तोंड पाडू नकोस अशी. किती जपतो बघ तो आपल्याला."