दलालाची हिंदी

मुलींना फसवून विकणाऱ्या दलालांपासून गावांना सावध करायचं, म्हणून जबलपूरच्या मराठी मंडळानं पथनाट्य बसवलं. पहिला प्रयोग बरगीकडच्या एका गावात ठरला. मंडळ मराठी, तेव्हा नाटकही मराठीच, असं अध्यक्ष विभावरीताईंनी बजावलं. फक्त दलाल तेवढा हिंदी बोलेल; मराठी माणूस असले धंदे करताना दिसला तर मंडळाचं नाक कापलं जाईल.

"पण ताई, तिथं मराठी कोणाले समजते?" दलाल झालेल्या शशिकांतनं विचारलं.

"भावना पोचतात, शशिकांतभाऊ. तुम्ही तुमचं काम चोख करा."

त्यानं ते चोख केलं. "दिल्ली में बंगले का काम, दोनों टाइम खाना, बिटिया राज करेगी," हे तो इतक्या मायेनं बोलला की समोरच्या बायांनी माना डोलावल्या. पुढे विकली गेलेली मुलगी मराठीत रडली, पोलिसांनी दलालाला शुद्ध मराठीत अटक केली आणि विभावरीताई 'मानवी तस्करी : एक सामाजिक कलंक' या विषयावर भाषणाला उभ्या राहिल्या. तेवढ्यात एक बाई लगबगीनं उठून घराकडे गेली. शशिकांतला त्यात काही नवल वाटलं नाही; ताईंच्या भाषणाला मंडळातही लोक असेच उठतात.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या. शशिकांत खोटी मिशी काढायला लागला, तर तीच बाई समोर उभी. सोबत तेल लावून वेणी घातलेली पोर, पोरीच्या काखेत कपड्यांचं गाठोडं.

"भैया," बाईनं विचारलं, "गाड़ी कब निकलेगी?"