सायलसचा पत्ता

अमेरिकेच्या पश्चिमेला ऑरेगनकडे बैलगाड्यांतून निघालेल्या तांड्यात टॅबिथाचा दोन वर्षांचा सायलस तापानं गेला. लांडग्यांनी उकरू नये म्हणून त्याला भर रस्त्यात पुरलं, वरून सगळ्या गाड्या नेल्या. शेवटची टॅबिथाचीच राहिली. दगड नाही, क्रूस नाही. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येक मृताच्या नावापुढे दफनाच्या गावाचं नाव होतं. इथं तर गावच नव्हतं. टॅबिथानं झग्याची चिंधी फाडून चाकाला बांधली. "इथून समोरच्या त्या खडकाच्या सुळक्यापर्यंत चाकाचे फेरे मोजते. गावाच्या जागी तेच लिहीन." "कोण येणार आहे शोधायला?" नवरा जोथम बैलांकडे बघत म्हणाला. "वेडी कुठली." ती चाकाशेजारी मोजत चालली. सुळका आला तशी तिनं बायबल उघडून टाक बुडवला. "बाराशे सहा." "सात," पलीकडून जोथम म्हणाला. त्याच्या बाजूच्या चाकाला त्याचा रुमाल बांधलेला होता. "ओढ्यापाशी डोळे पुसत होतीस, तेव्हा एक सुटला."