सामाईक नंबर

"नातू झाला, असा मेसेज आलाय मला," प्रसूती विभागाबाहेर सोहोनीआजोबा मोबाइल दाखवत म्हणाले. नर्सला त्यांच्या मुलीचं नाव कुठेच सापडेना, म्हणून हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मृण्मयीला तिने खाली बोलावलं.

मृण्मयीला चूक लगेच उमगली. नियमाने मनाई असूनही सर्व्हरवरच्या जावा प्रोग्रॅममध्ये तिने फोन नंबर सगळ्यांना सामाईक अशा व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एकाच कप्प्यात, ठेवला होता. बाळाचा मेसेज निघाला त्याच क्षणी आजोबांच्या रक्ततपासणीची नोंद झाली, त्या कप्प्यात त्यांचा नंबर येऊन बसला आणि भलत्याच घरची बातमी त्यांच्या फोनवर गेली.

"प्रत्येकाचा नंबर वेगळा ठेवायला हवा होता, आजोबा. चुकले मी."

आजोबांनी हातातलं नवंकोरं टोपडं पिशवीत ठेवलं. "मला वाटलं, लेकीनं अबोला सोडला." पिशवीला गाठ मारत त्यांनी विचारलं, "ते बाळ बरं आहे ना?"

"हो."

"मग त्याच्या आजोबांना लवकर कळवा. वाट बघत असतील."