जवळचा नंबर

“अक्षर अजून जरा मोठं करा,” चष्मेवाले काका म्हणाले. “जवळचा नंबर अडीच आहे.”

“मुलाचा? एवढ्यात चाळिशी लागली?” ताई हसली.

“नंबर मी स्वतः काढलाय. चुकणार नाही.”

लोकांनी हौसेने लिहिलेली पुस्तकं मोबाइलवर आणि ई-पुस्तकांच्या वाचनयंत्रावर सुखाने वाचता येतील अशी बसवून देणं, हा ताईचा धंदा. हौशी लेखक तिच्या पाचवीलाच पुजलेले. कुणाला प्रत्येक पानावर वेलबुट्टी हवी, कुणाला स्वतःचा फोटो. काकांना यातलं काहीच नको होतं. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस. वाचताना डोळ्यांना त्रास नको, एवढंच त्यांचं म्हणणं. ओळींमध्ये मोकळी जागा, कडेला अंगठा मावेल एवढा समास, अक्षर ठसठशीत.

पुस्तक मुलाविषयी होतं. लहानपणी दिसेल ती वस्तू उघडून बघायचा, म्हणून त्याला नाव पडलं मिस्त्री. त्याने रेडिओ उघडला, इस्त्री उघडली, एकदा आईचं शिवणयंत्र उघडलं आणि चार स्क्रू उरवून परत जोडलं. पानं बसवायची सोडून ताई वाचतच बसायची.

खरी डोकेदुखी वाचनयंत्राची होती. पुस्तक मिस्त्रीच्याच यंत्रावर पाठवायचं होतं, आणि काकांनी चिठ्ठीवर लिहून आणलेलं ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला होता. ताईने जुन्या बाजारातून तसलंच एक पैदा केलं, कोपरा फुटलेलं. त्यावर जोडाक्षरांची पार वाट लागत होती. मिस्त्रीचं ‘मिस् त् री’ होत होतं.

“मुलाला म्हणावं, आता नवं घे बाबा.”

“तो नाही घेणार.”

“चालू तरी आहे का ते?”

“रोज चार्ज होतं.” काकांनी त्या तुटक्या नावावर बोट ठेवलं. “बाकी काही तुटलं तर चालेल. हे तुटायला नको.”

तीन दिवस ताईच्या नाकी नऊ आले. पण मिस्त्री जोडला गेला.

शेवटची ओळ काकांनी एकटी, वेगळ्या पानावर मागितली. पान उलटल्याशिवाय ती दिसता कामा नये. त्याआधीच्या प्रकरणात मिस्त्री सकाळी आईशी भांडतो आणि न जेवताच सायकल काढून निघून जातो. मग कोऱ्या पानावर एवढंच: ‘त्यात तुझी काही चूक नव्हती.’

“काका, हे समोर बसून का नाही सांगत?”

“घरात त्याचं नाव निघत नाही. मी काढलं की तुमची काकू उठून आत जाते.”

ताईने मनातल्या मनात जुळवून टाकलं. मायलेकाचं वाजलंय आणि बाप बिचारा मधल्यामध्ये. काकांना दुसरं काहीच नको होतं. ती एक ओळ वाचली जावी, बस.

पुस्तक गेलं. खातं एकच असल्यामुळे वाचन कुठवर आलंय ते काकांच्या मोबाइलवर दिसायचं. रोज दुपारी ते जिना चढून येत आणि मोबाइल ताईपुढे धरत. आठवडाभर शून्य. मग एक दिवस चार टक्के. त्या दिवशी काका चक्क शीळ घालत उतरले, तीही बेसूर.

शिवणयंत्रापाशी आकडा दोन दिवस रेंगाळला. पुढे बरा चालला. अठ्ठ्याण्णववर मात्र जो अडला तो पाच दिवस हलेना. काका येत, खुर्चीत बसून राहत. ताईने केलेला चहा गार होई. त्यांच्याकडे बघून तिचाच जीव तुटायचा, आणि कधी न पाहिलेल्या त्या मुलाचा भयंकर राग यायचा.

“एक पान उलटायला काय होतं मेल्याला!” ती एकदा बोलून गेली.

काका उठले आणि सावकाश जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले. ताईने नुकतं कुलूप काढलं होतं. त्यांनी मोबाइल पुढे केला. शंभर टक्के.

“आज घरात मिस्त्रीचं नाव निघालं,” काका म्हणाले. “तिनेच काढलं. ते चार स्क्रू अजून डबीत ठेवलेत, म्हणाली.”

“म्हणजे फोन आला!” ताईने टाळीच वाजवली. “बघा, काकूंचाही राग गेला. कधी येतोय तो?”

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि हातातच धरून ठेवला.

“मिस्त्रीला जाऊन नऊ वर्षं झाली, ताई. त्याच सकाळी, सायकलवर. अडीच नंबर त्याच्या आईचा.”