खालच्या शेतातून पाइप

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा सुतार बायकोच्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच त्याला कळलं. तो उठला, चपला पिशवीत घातल्या आणि मुलाला म्हणाला, "खालच्या शेतात. तिनं सांगून ठेवलंय."

मुलगा रडत होता. तरी त्याने म्हणून पाहिलं, की गावच्या दफनभूमीत सगळ्यांना यायला-जायला बरं पडेल. सुताराने ऐकून घेतलं आणि घरी जाऊन फळ्यांना रंधा मारायला घेतला. पेटी त्याने एकट्यानेच केली. ओढ्याच्या अलीकडे, शेळ्या सोडून ती विणत बसायची, तिथे तिला ठेवलं.

आता तिला कुणी हलवायचं नाही, एवढं एकच त्याने मनाशी धरलं.

वर्ष उलटायच्या आत टेकडीपलीकडे गॅसच्या विहिरी लागल्या आणि कंपनीचा माणूस दारोदार फिरू लागला. तो इतकं गोड बोलायचा की लोकांनी त्याचं नाव साखरतोंड्या पाडलं. एका सकाळी त्याने सुताराच्या कामाच्या टेबलावरचा भुसा फुंकून नकाशा पसरला. प्रत्येक विहिरीतला गॅस लहान पाइपांनी गोळा करून पुढे कारखान्यात न्यायचा होता. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी होकार दिला होता. मधलं सुताराचं शेत तेवढं उरलं होतं.

पाइप रस्त्याच्या कुंपणालगत जाईल, त्याने सांगितलं, आणि पुढे ओढ्याखालून. वर गवत वाढवा, शेळ्या चारा, कंपनीची ना नाही. फक्त पाइपाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात काही बांधायचं नाही, झाड लावायचं नाही आणि खणायचं तर मुळीच नाही.

"किती दिवस?" सुताराने विचारलं.

"कायमचं, काका. उद्या शेत दुसऱ्याच्या नावावर गेलं तरी पट्टा तसाच राहतो. त्यालाही हाच नियम."

सुताराने हे त्याला परत एकदा सांगायला लावलं. मग नकाशाची गुंडाळी करून त्याच्या हातात दिली.

"इथून नाही जमायचं," तो म्हणाला.

म्हातारा हट्टाला पेटलाय, ही बातमी दुपारपर्यंत सगळीकडे झाली. न्हाव्याच्या मते कंपनीने आता पृथ्वीलाच वळसा घालायची तयारी ठेवावी. लोक हसले, पण बायकोच्या मातीपायी माणूस अडून बसलाय, त्याला नावं कशाला ठेवायची, असंही म्हणाले.

संध्याकाळी मुलगा धावत आला. खालचं शेत रस्त्याला लागून होतं आणि एक गोदामवाला त्यावर कधीचा डोळा ठेवून होता. बाबांच्या हयातीत शेत विकायचा विषय काढणार नाही, असा शब्द मुलाने दिला होता आणि तो शब्दाचा पक्का होता. पुढेमागे आईला मानाने गावच्या दफनभूमीत हलवता येईल, एवढं मात्र त्याने एकदा हळूच सुचवलं होतं.

"बाबा, ह्या बाबतीत मी तुमच्या पाठीशी आहे," मुलगा म्हणाला. "पाइप आला की शेताची वाट लागते."

"चहा घेणार?" सुताराने विचारलं.

साखरतोंड्या पुन्हा आला. ह्या वेळी पाइप पार वरच्या बांधाने नेला होता. काकूंपासून जितकं लांब जाता येईल तितकं गेलोय, तो म्हणाला. सुताराने नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या खेपेला तो शेजाऱ्याच्या कडेकडेने, शेताचा जेमतेम कोपरा घेऊन जाणारी वाट आखून आला. सुताराने पुन्हा मान हलवली.

साखरतोंड्याची साखर संपली. "मग गॅस काय डोक्यावरून वाहून नेऊ, काका?"

बायको गेल्यापासून सुतार पहिल्यांदाच हसला. त्याने त्याला बसायला स्टूल दिलं. ओढा ओलांडताना काय करता, पाणी अडवता का, असं विचारलं. साखरतोंड्याने कंटाळत सांगितलं की पाणी अडवायची गरजच नसते. अलीकडे यंत्र लावायचं, खोलवर आडवं भोक पाडत जायचं, आणि पाइप थेट पलीकडे निघतो. मधली जमीन उकरावीच लागत नाही.

"वरचं काही हलत नाही?"

"गवताचं पातंसुद्धा नाही."

सुताराने हात झटकले आणि दाराची कडी लावली.

"चला," तो म्हणाला. "कुठून न्यायचा ते दाखवतो."

यंत्र आलं ते रस्त्याच्या कडेला उभं राहिलं. मुलाला कुणीतरी निरोप दिला तेव्हा काम उरकत आलं होतं. भांडायच्या तयारीने तो खालच्या शेतात उतरला आणि थबकला. कंपनीचे दोन पिवळे खांब उभे होते, एक आईच्या उशाशी, एक पायथ्याशी.

साखरतोंड्या त्याला समजावू लागला. पाइप बरोबर काकूंच्या खालून गेलाय, खूप खोलातून, त्यांना धक्का नाही. काकांनी स्वतः दोरी धरून वाट आखून दिली. त्यासाठी यंत्र ओढ्यापासून मागे, रस्त्यापर्यंत आणावं लागलं म्हणून साहेब कुरकुरले, पण काका दुसरीकडून देईनातच. आता ह्या पट्ट्यात कधीच कुणाला फावडं लावता येणार नाही.

मुलगा बापाकडे वळला.

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही," सुतार म्हणाला.

तिच्या डाव्या हाताची जागा त्याने स्वतःसाठी धरली होती. तीही पट्ट्यातच गेली. आपल्याला कुठे ठेवायचं, ते आता त्याला ठरवायचं राहिलं होतं.